अमेरिका एवढी श्रीमंत, मग इतर श्रीमंत देशांपेक्षा ती नेमकी कुठे मागे पडते?

उत्पन्नात नाही, आयुर्मानात. 2023 मध्ये तिथला दरडोई जीडीपी 80,000 डॉलरच्या वर होता. आरोग्यावर जीडीपीच्या 17 टक्क्यांहून जास्त खर्च होतो, तरी 2023 मध्ये सरासरी आयुर्मान 78.4 वर्षं होतं. जपान सुमारे 11 टक्क्यांत 84 च्या आसपास आहे! दोष एकट्या दवाखान्यांचा नाही. ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक आणि नशेची औषधं), बंदुका आणि रस्ते अपघात तरुणांना नेतात, आणि विशीतल्या एका मृत्यूने आयुष्याची पन्नासेक वर्षं जातात, म्हणून सरासरी खाली येते. बाळंतपणाच्या रजेचं तर वाईटच वाटतं: 1993 च्या संघीय कायद्याने 12 आठवडे, तेही बिनपगारी, 50 पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना तो लागूच नाही. काही राज्यं पगारी रजा देतात. देशांच्या उत्पन्नाची तुलना करताना सरासरी नव्हे, मध्यक उत्पन्न (कमाईच्या क्रमात बरोबर मधल्या माणसाचं) घ्या, तेही क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या पैशांत तिथे किती विकत घेता येतं ते पाहून. येन घसरला की डॉलरमधला जपान उगाच गरीब दिसतो.