आधी बेत नको, आधी नोंद

प्रश्न होता: आम्ही दोघं नोकरी करतो, घरात दोन मुलं आणि सासूबाई. सकाळचे डबे कसेबसे होतात, पण संध्याकाळी सात वाजता 'आज काय करू?' हे रोज नव्याने सुरू. आठवड्याचा तक्ता करून फ्रिजवर लावला, तो मंगळवारपर्यंत टिकतो. पुण्यातली तुमच्यासारखी घरं हे कसं जमवतात?

तुमचा मंगळवारपर्यंत तरी टिकला. माझा पहिला तक्ता सोमवारी रात्रीच गेला.

तीन वर्षांपूर्वी रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला. बायको हिंजवडीहून कोथरूडला पोचेपर्यंत साडेआठ वाजतात आणि मी घरून काम करतो, त्यामुळे चर्चेला फारसा वाव नव्हता. मी ऑफिसच्या सवयीने एक्सेल शीट केली. सोमवार: पालक पनीर, जिरा राइस, कोशिंबीर. सोमवारी माझी मीटिंग लांबली, पालक निवडायचाच राहिला होता, आई म्हणाली, "मला आपला वरणभात पुरे," आणि साडेनऊला कसंबसं ताटात पडलेल्या त्या भाजीतलं पनीर तेवढं लेकीने वेचून खाल्लं. शीट परत उघडली नाही.

मग एक गोष्ट उलटी केली. काय करणार ते लिहायचं सोडलं आणि काय केलं ते लिहायला लागलो. रोज रात्री ओटा पुसून झाला की भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात दोन शब्द. दुधाचा हिशेब जिथे लिहितात, तिथेच खाली. दमलेल्या माणसाची अक्षरं: 'व.भा.', 'पिठलं', 'बा.' म्हणजे बाहेरून. तुम्हाला माझा पहिला सल्ला हाच आहे, की पुढचे पाच-सहा आठवडे काहीही ठरवू नका, फक्त लिहा.

सहा आठवड्यांच्या बेचाळीस चौकोनांत आमच्याकडे फ्लॉवर-बटाटा नऊ वेळा निघाला. घरात कुणालाच तो विशेष आवडत नाही. 'बा.' सात वेळा होता, त्यातले पाच शुक्रवार. आणि खिचडी जवळजवळ दर गुरुवारी. ती का, हे पुणेकरांना सांगायला नको. आपल्याकडे दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं म्हटलं की बहुधा गुरुवारच निघतो, आणि 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' हे वाक्य तर आता पाठच आहे. पाणी नसेल त्या दिवशी चार भांडी जास्त पडली की दुसऱ्या दिवशी सकाळी सिंक बघवत नाही. मी ते कधी ठरवलं नव्हतं, हाताने आपोआप कुकर उचलला होता.

म्हणजे प्रत्येक वाराचा स्वभाव आधीपासून ठरलेला असतो. पदार्थ नंतर. तुमच्या घरी मुलांचा क्लास कोणत्या वारी, कोण उशिरा येतं, कुणाचा उपवास, हे आधी चौकोनात दिसू द्या.

दुसरी गोष्ट मला आईने शिकवली, तीही चिडून. मी रोज 'भाजी कोणती?' पासून सुरुवात करायचो. ती म्हणाली, "अरे, आधी भात की भाकरी ते ठरव, भाजी मागून येते." आमच्याकडे पोळ्यांच्या काकू सकाळी येतात, डब्यात पोळी-भाजीच जाते, त्यामुळे रात्री पुन्हा पोळी-भाजी नकोच वाटते. मग रात्र एकाआड एक: भाताची, भाकरीची, भाताची. भाताच्या रात्री आमटी, कढी किंवा पिठलं. भाकरीच्या रात्री एखादी पालेभाजी, भरलं वांगं, झुणका किंवा उसळ. एवढं ठरलं की सात पर्यायांचे दोन-तीनच उरतात. शिवाय ओलं-कोरडं बघायचं: रस्सा किंवा उसळ असेल तर आमटी टाकायची गरज नाही, भाजी कोरडी असेल तरच आमटी. मी सुरुवातीला दोन्ही करायचो आणि एक रोज फ्रिजमध्ये जायचं.

भाकरीचं एक सांगून ठेवतो, कारण यात मी महिनाभर मार खाल्ला. ज्वारीचं पीठ एकदम पाच किलो दळून आणू नका. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरते, आणि आपल्याला वाटतं आपला हातच वाईट. मी आता दोन-दोन किलो दळून आणतो. पीठ थोडं जुनं झालंच तर उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवायचं आणि मग मळायचं, बऱ्यापैकी जमतं.

भाज्यांचा क्रम भाज्याच ठरवतात. मी रविवारी सकाळी आठवड्याची भाजी आणतो. कधी हौस आली तर मंडईत जातो, एरवी कोपऱ्यावरच्या मावशींकडून. मेथी किंवा चाकवत रविवारी नाहीतर सोमवारी संपलाच पाहिजे. भेंडी-गवार बुधवारच्या आत. कोबी, दुधी, लाल भोपळा आठवड्याच्या शेवटी, ते कुरकुर करत नाहीत. पालेभाजी आल्या आल्या धुवायची नाही. निवडायची, कोरडीच कापडात गुंडाळून ठेवायची, आणि करायच्या वेळी धुवायची. निवडायला माणसं मात्र रविवारी दुपारीच मिळतात. आमच्याकडे आई आणि लेक टीव्हीसमोर बसून दोन जुड्या निवडतात. तुमच्या सासूबाईंना हे काम द्या असं मी परस्पर सुचवत नाही, पण आमच्या आईला स्वयंपाकघर हातातून गेल्याचं जे वाटत होतं ते यामुळे बरंच कमी झालं.

मोड आलेली कडधान्यं हा आठवड्याचा विमा. मटकी सोमवारी रात्री भिजत घातली की मंगळवारी सकाळी उपसून ओल्या पंचात घट्ट बांधायची आणि चाळणीत ठेवून वर जड झाकण. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत पंचातून पांढरी टोकं डोकावतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत मात्र बुधवारची सकाळ उजाडते, कधी दुपारही. मी एकदा जानेवारीत मंगळवारी रात्री उसळ होईल या हिशेबाने पाहुणे बोलावले होते. मोड नव्हतेच. त्या रात्री पाहुण्यांनी बटाट्याचा रस्सा खाल्ला आणि छान म्हणाले, पण मला माहीत आहे. तेव्हापासून थंडीत मटकीचं पुरचुंडं बंद ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या डब्यांच्या मागे ठेवतो, आणि उसळ एक दिवस पुढेच धरतो.

आता वरणफळं, कारण माझ्या मते दमलेल्या घराचा हा सर्वांत कमी कौतुक झालेला पदार्थ आहे. (कुणी चकोल्या म्हणतं. वाद नको.) आदल्या रात्री आमटी मुद्दाम दोन वाट्या जास्त करायची. दुसऱ्या दिवशी ती मोठ्या पातेल्यात घेऊन तिच्यात तितकंच किंवा थोडं जास्तच पाणी, चवीपुरता गूळ, चिंच, गोडा मसाला, आणि जोरदार उकळी. कणकेत हळद, तिखट, मीठ, ओवा आणि चमचाभर तेल घालून घट्ट मळायची, पोळीपेक्षा किंचित जाड लाटायची आणि शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे. हे तुकडे उकळत्या आमटीत एकेक करून सोडायचे, एकदम नाही. एकदम टाकले की त्यांचा गोळा होतो आणि तो गोळा आतून कच्चा राहतो. मी एकदा फोनवर बोलत बोलत ताटच पालथं केलं होतं. झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं. आमटी दाटसर होते, तुकडा बोटाने दाबला तर मऊ लागतो. वरून भरपूर तूप. एक पातेलं, चार ताटल्या. पाणी नसलेल्या गुरुवारी खिचडीला हाच बदली खेळाडू.

उरलेल्याचं म्हणाल तर सकाळच्या पोळ्या उरल्या की रात्री फोडणीची पोळी, भात उरला की सकाळी फोडणीचा भात, यात नवीन काही नाही. फक्त भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. निवला की लगेच फ्रिजमध्ये.

संकष्टीचं गणित वेगळं. आईचा उपवास चंद्रोदयाला सुटतो आणि कॅलेंडरवर वेळ छापलेलीच असते, नऊच्या पुढे गेली तर मुलांना आधी वाढावं लागतं. त्या दिवशी मी वरणभात, बटाट्याची सुकी भाजी आणि कोशिंबीर यापलीकडे जात नाही. दोन पंगतींत वाढता येईल आणि दुसऱ्यांदा गरम केलं तरी बिघडणार नाही, एवढंच बघायचं. श्रावणात आई कांदा-लसूण खात नाही, तेव्हा महिनाभर मीच खात नाही. वेगळं करत बसण्यापेक्षा हिंग परवडला.

शुक्रवारचा चौकोन आम्ही रिकामा ठेवतो. सहा आठवड्यांतले पाच शुक्रवार बाहेरून आलं असेल तर तो आळस नाही, ती घराची सवय आहे, आणि तिच्याशी भांडून मी दोनदा हरलोय. कधी पावभाजी, कधी कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून भाजी आणून घरी फक्त भात लावतो. ही केंद्रं गल्लोगल्ली आहेत ती उगाच नाहीत. आधीच्या पिढीतल्या किती घरांचे डबे त्यांच्यावर निघाले असतील.

मुलांच्या आवडीचं फार मनावर घेऊ नका. आमच्या लेकीला आठवड्यातून एक चौकोन लिहायचा हक्क आहे, अट एवढीच की पदार्थ घरातल्या जिन्नसांतून झाला पाहिजे. पहिल्या महिन्यात चारही वेळा नूडल्स. पाचव्या आठवड्यात तिने थालीपीठ लिहिलं, लोण्यासकट.

थालीपीठाची भाजणी घरात असेल तर खरंच कोणतीही रात्र निभावते, म्हणून आईचं प्रमाण देतो: ज्वारी एक किलो, बाजरी आणि तांदूळ अर्धा-अर्धा किलो, हरभरा डाळ आणि उडीद पाव-पाव किलो, धणे एक वाटी. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर खमंग भाजायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा, आणि गिरणीवाल्याला जरा जाडसर काढायला सांगायचं. एवढी भाजणी आम्हा चौघांना दीड-दोन महिने जाते.