विहिरीतला बेडूक आणि समुद्रातले कासव

प्रश्न : संकुचित दृष्टीच्या माणसाला आपण कूपमंडूक म्हणतो. अशी म्हण आशियातील इतर भाषांत आहे का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : आहे. ‘विहिरीतल्या बेडकाला महासागर ठाऊक नसतो’ असे जपानी म्हण सांगते. तिच्यामागची प्राचीन चिनी कथा तर समुद्रकाठच्या आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. विहिरीतल्या सुखाची बढाई मारत बेडूक पूर्व समुद्रातल्या कासवाला आत बोलावतो. पण डावा पाय आत जाण्याआधीच कासवाचा उजवा गुडघा अडकतो, तेव्हा ते मागे सरते आणि अतिवृष्टीने न वाढणाऱ्या, अवर्षणाने न घटणाऱ्या समुद्राचे वर्णन करते. कासव आधी निमंत्रणाचा मान राखते, हे मला फार मोलाचे वाटते. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्राकडे निघालेली कासवांची पिल्ले पाहताना हीच कथा मनात येते.