आरओच्या पाण्यात चांदी सोडली की ते दुधाळ का होतं

ताई, तुम्ही लिहिलंय की कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे अतिबारीक कण तरंगणारं पाणी, करायला आरओच्या पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडून करंट दिला तर पाचच मिनिटांत पाणी दुधाळ झालं, तारा काळ्या पडल्या, आता हे सासूबाईंना खोकल्यासाठी द्यायचं तर तारा कशाने घासू. सासूबाईंचं शेवटी सांगतो, आधी पाणी.

आरओचं पाणी पिण्यासाठी चांगलं पण ते क्षारमुक्त नसतं, टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) घातलात तर ३०-५० सहज दाखवेल. त्यातलं क्लोराइड चांदीला पकडतं आणि सिल्व्हर क्लोराइड होतं, तोच तुमचा पांढरा ढग. आणि चिमूटभर मीठ टाकलं की लवकर होतं असं जे सांगतात ते ऐकूच नका, मीठ म्हणजे क्लोराइडच की! मी हे शाळेतल्या मुलांना टिंडल परिणाम (पाण्यातल्या बारीक कणांमुळे प्रकाशाची रेघ दिसणं) दाखवायला करतो आणि मीटरवर ० आल्याशिवाय सुरूच करत नाही. त्यासाठी डिस्टिल्ड पाणी लागतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते घेत असाल तर सीलबंद कॅनच घ्या, दुकानदार जुन्या कॅनमध्ये भरून देतो ते नको, त्यात आधी ॲसिड होतं की काय कुणाला माहीत.

भांडं काचेचंच. साबण लावलात तर त्याचा थर राहतो, आणि लोक हमखास चुकतात ते पुढे, छान धुतात आणि शेवटी नळाखाली धरतात, म्हणजे परत क्षार आलेच. शेवटचं विसळणं त्याच डिस्टिल्ड पाण्याने, थोडं थोडं घेऊन तीनदा, एकदम तांब्याभर ओतण्यापेक्षा हे बरं. मग फडक्याने पुसायचं नाही, उपडं ठेवून निथळू द्यायचं. तारांना टूथपेस्ट, रांगोळी, चांदी उजळायची पावडर काहीही नको, प्रत्येक वापरानंतर काळं ओल्या टिश्यूने पुसा आणि नंतर टोकाला बोट लावू नका, घामातही मीठ असतं. तार ९९९ची, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदीची हवी, जुन्या पैंजणाची नको, दागिन्यात तांबं मिसळलेलं असतं आणि तेही पाण्यात उतरतं.

नीट जमलं की पाणी बघायला स्वच्छ दिसतं पण अंधारात लेझर मारला की आतून रेघ उजळते, मुलं अक्षरशः ओरडतात.

पण हे प्यायचं नाही ताई, पाणी कितीही शुद्ध घेतलंत तरी. चांदी अंगात साठत जाते, कातडी निळी-राखाडी पडते आणि तो रंग परत जात नाही. अमेरिकेत मोंटानाचे स्टॅन जोन्स नावाचे राजकारणी १९९९ पासून घरी बनवून प्यायचे, त्यांचा चेहरा असाच झाला. तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याच वर्षी सांगितलं की कुठल्याही आजारावर हे सुरक्षित आणि गुणकारी आहे असं मानता येत नाही. सासूबाईंचा खोकला तीन आठवडे झाला म्हणताय ना, दोन आठवड्यांच्या वर गेला की टीबी नाही ना हे बघायला थुंकी तपासायचीच असते, सरकारी दवाखान्यात फुकट होते, उद्याच घेऊन जा.