जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं तर विंडोजचे प्रोग्राम आणि गेम खरंच चालतात का?

भाऊ, तुमची अडचण अशी दिसते: मशीन विंडोज ११ घेत नाही, विंडोज १० चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, दुकानात मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आणि घरी पोराचे गेम. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, टाकलं तर दोन्ही निभेल का?

माझं नागपुरात महाल भागात डीटीपीचं दुकान आहे, मुख्य काम लग्नपत्रिकांचं. मला वाटलं होतं, टायपिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे किरकोळ, ते चालेलच. गेमचं काही खरं नाही. झालं बरोब्बर उलटं.

का, ते सांगतो. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारा, १९९३ मध्ये सुरू झालेला वाइन नावाचा प्रोग्राम विंडोजचा अख्खा कॉम्प्युटर उभा करत नाही. तुमचा प्रोग्राम म्हणतो 'ही फाइल उघड', 'इथे खिडकी काढ'. वाइन ती मागणी मधल्या मध्ये धरतो आणि लिनक्सकडून पुरी करून देतो. त्याचा सी ड्राइव्ह म्हणजे तुमच्या लिनक्सच्या होम फोल्डरमधलं साधं फोल्डर. नुसत्या मागण्या करणारा प्रोग्राम बहुतेक वेळा चालून जातो. पण ज्याला थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, स्वतःचा ड्रायव्हर घुसवायचा असतो, त्याच्यापुढे वाइन हात टेकतो.

माझं सॉफ्टवेअर झटक्यात इन्स्टॉल झालं, खिडकी उघडली, मी खूश. दोन सेकंदांत चौकोन आला: लॉक सापडलं नाही. अन् मागे यूएसबीत डोंगलचा (सॉफ्टवेअरचं कुलूप उघडणारी छोटी काडी, तिला स्वतःचा ड्रायव्हर लागतो) दिवा मजेत लुकलुकतोय! ऐन सीझन, समोर वधूपिता मजकुराचा कागद धरून उभे. ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं त्यांना फोन केला, तर ते मलाच विचारतात, 'लिनक्स म्हणजे कोणती विंडोज?' त्या दिवशीची पत्रिका शेजाऱ्याच्या मशीनवर केली.

शेवटी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, विंडोज १० टाकली, तिचं इंटरनेट बंद ठेवलं आणि डोंगल तिच्या हवाली केलं. आपल्या यूजरला व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपात घालायला विसरू नका, नाहीतर यूएसबीची यादी रिकामीच दिसते. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. रॅम ८ जीबी तरी हवी. विंडोजचं लायसन्स इथेही लागतंच.

आता गेम. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाइनवरच बेतलेलं प्रोटॉन स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात आणलं, आणि तेव्हापासून चित्र पालटलं. त्यातलं डीएक्सव्हीके विंडोजच्या गेमची चित्रं काढायची भाषा, डायरेक्टएक्स ९ ते ११, लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये फिरवतं; १२ साठी वेगळा भाग आहे. भाच्याच्या मशीनमध्ये जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे, त्याचे एकट्याने खेळायचे गेम जवळपास सगळे चालले. सुरुवातीला मात्र एकही सुरू होईना. प्ले दाबलं की बटण क्षणभर बदलायचं नि परत जैसे थे. गेमची लायब्ररी डिस्कच्या विंडोजवाल्या जुन्या भागावर, एनटीएफएस पार्टिशनवर होती, तिथेच घोडं अडलं होतं. प्रोटॉन स्वतःसाठी 'सी:' अशा नावाची लिंक बनवतो, आणि विंडोजच्या नियमाने फाइलच्या नावात कोलन चालत नाही. लायब्ररी लिनक्सच्या एक्स्ट४ पार्टिशनवर हलवली, मामला खल्लास.

ऑनलाइन गेमची गोष्ट वेगळी, तिथे डोंगलचाच भाऊबंद भेटतो: अँटी-चीट, म्हणजे खेळात लबाडी पकडणारा प्रोग्राम. व्हॅलोरंटचं तर कर्नलमध्येच बसतं, त्यामुळे त्याची आशा सोडा. काही अँटी-चीट प्रोटॉनला चालतात, पण गेमवाल्याने तशी मुभा दिली तरच. एपेक्स लेजंड्स चांगला चालायचा, २०२४ मध्ये त्यांनी लिनक्सची दारं बंद केली. म्हणून पोराचा गेम आधी प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर शोधा. लोकांनी कोणत्या कार्डावर काय झालं ते तिथे लिहून ठेवलेलं असतं.

कार्डाचंही बघा. डीएक्सव्हीके २.० पासून पुढे व्हल्कन १.३ लागतं. माझ्या दुकानातल्या चौथ्या पिढीच्या आय-५ चं ऑनबोर्ड ग्राफिक्स त्यात बसत नाही. तिथे गेम नाहीच, पत्रिकाच.

एक गंमत राहिली. विंडोज ३.१ च्या काळातला १६ बिटचा एखादा प्रोग्राम असेल तर तो ६४ बिटच्या विंडोजवर उघडतच नाही, वाइनवर मात्र चालू शकतो. माझ्याकडे पत्रिकेच्या किनारी काढायचा असा एक आहे, बाप्पा, अजून रोज वापरतो.

तुमच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डोंगल आहे की नुसती सिरियल की, अन् पोराच्या मशीनमध्ये कार्ड कोणतं, तेवढं कळवा.