कॅटलिया लॅबियाटाच्या जुन्या नोंदी: वाचकांचे प्रश्न

कॅटलिया लॅबियाटा हे ऑर्किड ब्राझीलचं. मग हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) ऑनलाइन नोंदींत ते व्हेनेझुएला, कोलंबियातही कसं दिसतं?

नाव जुनं आहे म्हणून. एकोणिसाव्या शतकात मॉसिए, ट्रायने या आज स्वतंत्र मानलेल्या जाती लॅबियाटाचेच उपप्रकार समजल्या जात. नोंद संगणकात चढवताना लेबलवरचा ‘मॉसिए’ गळला, की व्हेनेझुएलाचं झाड लॅबियाटा होऊन बसतं. खरी लॅबियाटा ईशान्य ब्राझीलची: पर्नाम्बुको, सिआरा, पाराइबा, अलागोआस. शीटचा, म्हणजे वाळवलेला नमुना चिकटवलेल्या कागदाचा, फोटो असेल तर मूळ लेबलावर थांबू नका. शेजारी नंतरच्या अभ्यासकाने डकवलेली छोटी चिठ्ठी शोधा. तिच्यावर त्याने ठरवलेलं नाव, सही आणि वर्ष असतं. माझा भरवसा आधी त्या चिठ्ठीवर.

ही जात ‘हरवली’ होती म्हणजे काय?

जंगलात ती होतीच, हरवला होता तो पत्ता. निसर्ग-अभ्यासक विल्यम स्वेन्सनने १८१८ च्या सुमारास ब्राझीलहून झाडं पाठवली. इंग्लंडमधल्या विल्यम कॅटलीच्या काचघरात ती फुलली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडलीने १८२१ मध्ये कॅटलीच्याच नावाने ‘कॅटलिया’ ही नवी प्रजाती (अनेक जातींचा गट) जाहीर केली. झाडं नेमकी कुठली, हे मात्र बागवानांपर्यंत नीट पोचलं नाही. त्यात १८३६ मध्ये वनस्पती-संग्राहक जॉर्ज गार्डनरला रिओजवळच्या गाव्हेआच्या कड्यावर एक कॅटलिया दिसली आणि त्याने तिला लॅबियाटा ठरवलं. ती निघाली लोबाटा, कॅटलियाचीच दुसरी जात. शोधणारे रिओच्या डोंगरांत फिरत राहिले आणि खरं घर राहिलं दीडेक हजार किलोमीटरहून जास्त उत्तरेला. जंगली लॅबियाटा पुन्हा युरोपात पोचायला १८९० चा सुमार उजाडला. लेबलावरची ठिकाणाची एक ओळ किती मोलाची असते, ते इथे दिसतं.

संग्राहकाचा एकच क्रमांक रिओ, क्यू (लंडन) आणि न्यूयॉर्कच्या हर्बेरियमांतल्या शीटवर आहे. तीन नोंदी धरू का?

नाही. संग्राहक एकाच वेळी जमवलेल्या नमुन्याच्या जोडप्रती वेगवेगळ्या संस्थांना पाठवतात. संग्राहक, क्रमांक आणि तारीख जुळली तर ती एकच नोंद.

काही नोंदींत अक्षांश-रेखांश मुद्दाम झाकलेले का?

चोरीच्या भीतीने, आणि ती रास्त आहे. पेरूमधलं फ्रॅग्मिपेडियम कोवाची हे ऑर्किड २००२ मध्ये जाहीर झालं. तळहाताएवढं गडद जांभळट-गुलाबी फूल. बातमी फुटल्यावर मूळ जागेवरची झाडं ओरबाडून नेली गेली. अभ्यासासाठी नेमकी जागा हवीच असेल, तर प्रकल्पाची माहिती देऊन त्या हर्बेरियमच्या क्युरेटरना लिहा.