अर्धवट दुरुस्त केलेली क्लासिक मोटारगाडी विकताना किंमत कशी ठरवावी?
आतापर्यंत केलेला खर्च जसाच्या तसा वसूल होईल, ही अपेक्षा प्रथम सोडावी. जाणकार खरेदीदार पूर्ण झालेल्या गाडीच्या बाजारभावातून उरलेल्या कामाचा खर्च वजा करतो आणि त्याउपर न दिसणाऱ्या दोषांच्या धास्तीपोटी आणखी सूट मागतो. ही धास्ती कमी करणे मात्र आपल्या हातात असते. चॅसिस व इंजिनचे क्रमांक कागदपत्रांशी जुळतात हे दाखवणारी छायाचित्रे, सुट्या भागांची यादी आणि विशेषतः रंग चढवण्यापूर्वीच्या उघड्या पत्र्याची छायाचित्रे द्यावीत, कारण ताज्या रंगाखाली पत्र्याचे खड्डे बुजवणारी जाड पुट्टी दडलेली आहे का, हे खरेदीदार चुंबक लावून पाहतो; ती असेल, तर पोलादी पत्र्यावरही चुंबक नीट चिकटत नाही. काढून ठेवलेले नट-बोल्ट पिशव्यांत भरून नावे लिहावीत. विक्रीसाठी म्हणून घाईने रंग मात्र मारू नये. त्याने संशयच वाढतो.