दादांचं कार्ड आधी, आईची पॉलिसी मग

रेणापूर तालुक्यातल्या एका लेकीचं पत्र आलंय. ती लातूरला नोकरी करते. वडील (घरात त्यांना दादा म्हणतात) ७२ वर्षांचे, आठ वर्षांपासून शुगरची गोळी चालू. आई ६४ची, बीपी आणि गुडघेदुखी. चुलत्यांच्या बायपासला घरातलं सोनं गहाण पडलं, तेव्हापासून हिच्या जिवाला घोर लागलाय. दोघांचा आरोग्य विमा काढावा म्हणते, तर भाऊ म्हणतो, "सरकारची मोफत उपचारांची फुले योजना आहे की, हप्ते कशाला?" दादा म्हणतात, "लेकीच्या पैशावर दवाखाना करायची पाळी आली नाही अजून." आणि नात्यातले एजंट सांगतात, "फॉर्मवर शुगर-बीपी लिहू नका, हप्ता वाढतो." नेमकं कुणाचं ऐकू, असं तिनं विचारलंय.

प्रिय लेकी,

एजंट पाव्हण्यांचं अजिबात ऐकू नकोस. दवाखान्यात भरती करताना डॉक्टर पहिलं काय विचारतात? "बाबा, शुगर-बीपी आहे का? कधीपासून?" दादा सरळ सांगून टाकतील, "आठ वर्षं झाली, रोज सकाळी गोळी घेतो." ते केस पेपरवर लिहिलं जातं, आणि क्लेम टाकला की कंपनी तोच कागद मागवते. फॉर्मवर 'आजार नाही' आणि केस पेपरवर 'आठ वर्षं', मग क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. पाव्हणे म्हणतील, पाच वर्षांनी कोणी विचारत नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर ही सवलत नाही. खरं लिहिलं तर जुन्या आजाराच्या क्लेमसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं; २०२४ च्या आधी चार होती. हप्ता थोडा चढेल, चढू दे.

दादांसाठी मात्र आत्ता पॉलिसी काढूच नकोस. सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आणि शुगर आधीपासूनची असली तरी चालते. दादांचं आधार आणि मोबाईल घेऊन सेवा केंद्रावर जा. यात हप्ता नाही, म्हणजे लेकीच्या पैशाचा प्रश्नच उरत नाही. त्यांच्या स्वाभिमानाशी वाद घालत बसू नकोस गं. आयुष्यभर दुसऱ्याला देत आलेल्या माणसाला घेणं जड जातं. हा त्यांच्या वयाचा हक्क आहे, एवढंच सांग.

भावाचं म्हणणंही निम्मं बरोबर आहे. महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, पाच लाखांपर्यंत. पण ती यादीतल्या दवाखान्यांत आणि यादीतल्या उपचारांनाच चालते. दादांच्या कार्डाचंही तसंच. म्हणून एक दिवस रजा टाक आणि लातूरच्या ज्या दवाखान्यात तुम्ही खरोखर जाता, तिथं आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची मदत करायला बसवलेल्या माणसाला गाठ. हृदयाचं, किडनीचं, आईच्या गुडघ्यांचं इथं योजनेत होतं का, ते स्पष्ट विचार. उत्तर 'नाही' आलं, तर तुझी पॉलिसी तिथं कामाला येते.

ती एकट्या आईच्या नावानं घे. दोघांची एकत्र फ्लोटर, म्हणजे एकाच रकमेत दोघांना धरणारी पॉलिसी घेतलीस तर हप्ता दादांच्या वयावर लागेल. विम्याच्या रकमेचा मोठा आकडा बघून भुलू नकोस. आधी बघ, लातूर-सोलापूरचे तुमचे दवाखाने कंपनीच्या कॅशलेस यादीत आहेत का. मग खोलीभाड्याची मर्यादा. समज, मर्यादा दिवसाला ३,००० आहे आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतली. बऱ्याच पॉलिसींत खोलीचं भाडं तर निम्मं कापतातच, पण सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. माणूस बरा होऊन घरी निघतो आणि काउंटरवर डोळे पांढरे होतात. ज्येष्ठांच्या पुष्कळ योजनांत को-पे असतो, म्हणजे बिलाचा ठरलेला हिस्सा आपण भरायचा. २० टक्के असला तर दोन लाखांत ४० हजार आपले. मोतीबिंदू आणि गुडघ्यांसाठी वेगळी थांबायची मुदत असते, तीही विचार. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च सहसा यात येत नाही, तो बाजूला ठेव.

एजंटनं हप्त्यात १८ टक्के जीएसटी धरला असेल तर कागद परत कर. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा तो कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते, तेवढ्यात नीट वाचून घे. आणि फॉर्म आईला समोर बसवून भर, तिच्या तब्येतीचं तिलाच विचार. तुझ्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत, तिचं एक वाक्यसुद्धा नाही.

भावाला जिंकायला जाऊ नकोस, सोबत घे. रात्री-अपरात्री गाडी तोच काढणार. कार्डाचा आणि पॉलिसीचा फोटो, कंपनीचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये हवा. अचानक भरती करावं लागलं तर कंपनीला बहुधा २४ तासांच्या आत कळवावं लागतं.

तुझी,
ताई